होडीच्या कडेला आठाचा फेरा : शेवटच्या काही फुटांत मस्की गळाला कसा लावावा

मस्की हा मासा आमिषावर (येथे सर्वत्र लाकडी, रबरी किंवा फिरत्या पात्यांचे कृत्रिम आमिष) झडप घालण्यापूर्वी बराच वेळ त्याच्या मागे मागे येतो, आणि तो मागे आहे हे गळ टाकणाऱ्याला बहुधा आमिष होडीपासून दोन-तीन हातांवर येईपर्यंत दिसत नाही. नेमक्या त्याच क्षणी नवखा माणूस पुढची फेक करण्याच्या घाईत आमिष पाण्याबाहेर उचलतो. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील लीच लेक या तलावावर, सप्टेंबरातल्या एका ढगाळ संध्याकाळी, मीही तेच केले होते. आमिष वर आले आणि त्याच्या मागोमाग, पाण्याच्या अगदी पृष्ठभागाशी, चार फुटांचा हिरवट-सोनेरी मासा येऊन थांबला. त्याने क्षणभर वर पाहिले, असे मला तरी वाटले, आणि मग शेपटी फारशी न हलवता तो सावकाश खालच्या अंधारात उतरून दिसेनासा झाला. त्या दिवशी मी सकाळपासून गळ टाकत होतो. ज्या माशासाठी दिवसभर दंड दुखवले, त्याच्या तोंडासमोरून आमिष मीच काढून घेतले होते, ही गोष्ट समजायला मला काही सेकंद लागले आणि विसरायला अजून जमलेले नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट पक्की धरून चाललो आहे : होडीलगतचे शेवटचे काही फूट हा फेकीचाच भाग आहे, बहुतेक दिवशी तोच सर्वांत फलदायी भाग आहे, आणि हाताला वळण लावून तो कोणालाही शिकता येतो. कोकणात खाडीवर गरवायला गेलेल्या माणसाला आमिष कसे टाकावे आणि ओढ कशी ओळखावी हे ठाऊक असते, परंतु आमिष पायाशी आल्यावर त्याच्याशी आणखी अर्धा मिनिट खेळत राहावे, ही कल्पना तिकडच्या गरवण्यात सहसा येत नाही. म्हणून ती येथे सविस्तर सांगतो. मिनियापोलिस, शिकागो, डेट्रॉइट किंवा टोरांटो या शहरांच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसांना मस्कीचे तलाव मोटारीने गाठता येण्याजोगे आहेत. मिनियापोलिसच्या पश्चिमेला लागूनच असलेल्या मिनेटोंका तलावातही मस्की आहे.

माशाविषयी थोडेसे आधी सांगितले पाहिजे, कारण पुढची सारी कृती त्याच्या स्वभावावर बेतलेली आहे. मस्कीचे पूर्ण नाव मस्केलंज. ओजिब्वे लोकांच्या भाषेतील ‘माश्किनोझे’ या शब्दातून ते आले. पाइक माशाच्या कुळातील हा सर्वांत मोठा मासा असून उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरे, सेंट लॉरेन्स नदी, मिसिसिपीचा वरचा प्रवाह आणि ओहायो नदीचे खोरे हा त्याचा मूळ मुलूख. विस्कॉन्सिनने १९५५ साली त्याला राज्याचा मासा ठरवले. तेथील हेवर्ड गावच्या मत्स्य-संग्रहालयात फायबरग्लासचा एक प्रचंड मस्की उभारला आहे आणि त्याच्या जबड्यात उभे राहून लोक छायाचित्रे काढतात. जागतिक विक्रम म्हणून वेगवेगळ्या संस्था ज्या दोन माशांची नोंद ठेवतात, ते दोन्ही १९४९ साली, तीन महिन्यांच्या अंतराने, याच हेवर्डच्या परिसरात पकडलेले होते. त्यांचे वजन तीस किलोंहून अधिक नोंदवले गेले आणि त्या नोंदींवरून अजूनही वाद चालतो. ‘दहा हजार फेकींचा मासा’ असे त्याला म्हणतात. हा आकडा कोणी मोजलेला नाही, परंतु त्यामागची भावना तलावावर दोन-तीन दिवस रिकामे गेले की आपोआप पटते. आणि फेकी जर इतक्या मोलाच्या असतील, तर प्रत्येक फेक शेवटपर्यंत नेणे हाच हिशेब शहाणपणाचा आहे.

मस्कीचे शरीर लांब नळीसारखे असते आणि पाठीवरचा व पोटाखालचा पर अगदी मागे, शेपटीजवळ असतो. अशी घडण दबा धरून एकाच झेपेत अंतर कापणाऱ्या शिकाऱ्याची असते. डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असल्यामुळे समोरचे आणि वरचे त्याला उत्तम दिसते, मात्र मुस्कटाच्या अगदी खाली आणि जवळ असलेली वस्तू त्याच्या नजरेतून निसटते. अंगावरच्या संवेदनरेषेने त्याला पाण्यातील हादरे दुरून कळतात. सरळ रेषेत, एकाच वेगाने पळणाऱ्या आमिषाच्या मागे तो कुतूहलाने येतो, अंतर राखतो आणि नीट पाहून घेतो. ते आमिष अचानक वळले, त्याची पूर्ण कूस माशासमोर आली, वेग बदलला, की भक्ष्य हातचे निसटत असल्याचा भास होतो आणि कुतूहलाचे रूपांतर झडपेत होऊ शकते. होडीच्या कडेला आपण जे करतो ते एवढेच : सरळ येणाऱ्या आमिषाला वळण द्यायचे, आणि पुन्हा पुन्हा द्यायचे. होडीची सावली, तिचा तळ, कडेला उभी असलेली माणसे यांचे भय मागे लागलेल्या मस्कीला फारसे वाटत नाही. जो मासा घाबरायचा तो आधीच निघून गेलेला असतो.

तयारी

रॉड निदान साडेआठ फुटांचा, शक्यतो नऊ किंवा साडेनऊ फुटांचा असावा. जुन्या काळी मस्कीसाठी आखूड, जाड रॉड वापरले जात. लांब रॉडमुळे फेक लांब जाते खरी, परंतु माझ्या मते त्याचा खरा लाभ होडीपाशी होतो, कारण रॉड जितका लांब तितके वळण मोठे आणि आमिष तितके खोल नेता येते. दोरी ८० ते १०० पौंड ताकदीची, विणलेली, न ताणली जाणारी असावी. होडीपाशी झडप बसते तेव्हा रॉडच्या टोकापासून माशापर्यंत जेमतेम दोन फुटांचे अंतर असते, तेथे हलक्या दोरीला स्थान नाही. दोरी आणि आमिष यांच्यामध्ये पोलादी तारेचा किंवा जाड फ्लुरोकार्बनचा १२ ते १८ इंचांचा लीडर हवाच, कारण मस्कीचे दात साधी दोरी क्षणात कापतात. हा लीडर रॉडच्या टोकाच्या कडीत कधीही ओढून घेऊ नये. कडीतील सिरॅमिकचे वलय त्याने फुटते आणि नंतर तीच कडी दोरी कापत राहते.

गळाची टोके रोज तपासावीत. मस्कीचा जबडा हाडांचा असतो, आणि होडीपाशी फटका मारायला मिळणारे अंतर इतके कमी असते की बोथट गळ त्यात रुततच नाही. नखावर टोक टेकवून हलके ओढावे. ते घसरले तर कानशीने घासावे.

डोळ्यांना पोलराइज्ड चष्मा आणि डोक्याला पुढे झाप असलेली टोपी, या दोन गोष्टींशिवाय दिवसा या मासेमारीला निघूच नये. चष्म्याविना पाण्यावरची चमक तेवढी दिसते, मासा दिसत नाही. शेवटची तयारी होडीची : उभे राहण्याच्या जागी दुसरे रॉड, खोके, पिशव्या, मोकळे पडलेले आमिष काहीही नसावे. हातजाळी उघडून, तिच्या दांड्याचा खटका लावून, हाताशी ठेवलेली असावी. दोघे जण गळ टाकत असतील तर एकाने होडीच्या पुढच्या टोकाला आणि दुसऱ्याने मागच्या टोकाला उभे राहावे, म्हणजे दोघांचे फेरे एकमेकांत अडकत नाहीत. ॲल्युमिनियमच्या होडीत पाय आपटण्याचा किंवा पकड खाली टाकण्याचा आवाज पाण्यात मोठा होतो, म्हणून हालचाल संथ ठेवावी.

फेरा

या कृतीला इंग्रजीत ‘फिगर एट’ म्हणतात. आपण तिला आठ काढणे म्हणू, मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी : हा देवनागरी ८ नव्हे. तो एका बाजूने उघडा राहतो आणि एका टोकाशी संपतो. येथे इंग्रजी पद्धतीचा, दोन बंद वर्तुळांचा आणि पाण्यावर आडवा निजवलेला आठ अभिप्रेत आहे, ज्याला सुरुवात आणि शेवट नसतो. मोटारसायकलच्या लायसन्ससाठी आरटीओच्या मैदानात ज्यांनी आठ काढून दाखवला आहे, त्यांना यातील मर्म चटकन समजेल. तेथे वळण अरुंद घेतले की गाडीचा वेग पडतो, तोल जातो आणि पाय टेकतो. पाण्यातही वळण अरुंद झाले की आमिषाचा वेग पडतो, त्याच्या पात्या फिरायच्या थांबतात आणि चार फुटांच्या माशाला इतक्या लहान वर्तुळात वळता येत नाही. आमिष त्याच्या मुस्कटाच्या खाली, त्याच्या न दिसणाऱ्या भागात जाते आणि तो ते हरवून बसतो. पुष्कळ लोक म्हणतात की मासा होडीपर्यंत आला आणि परत गेला. त्यांपैकी अनेक मासे गेलेले नसतात, त्यांचे आमिष हरवलेले असते.

कृतीची सुरुवात होडीपाशी करू नये. आमिष दहा-बारा फुटांवर असतानाच रॉडचे टोक हळूहळू पाण्याकडे झुकवावे आणि गुंडाळण्याचा वेग किंचित वाढवावा. लीडरची वरची गाठ टोकापासून वीतभर अंतरावर आली की गुंडाळणे थांबते, परंतु आमिषाला ते कळता कामा नये. रिळाने दिलेला वेग त्याच क्षणी रॉडच्या हालचालीने उचलून पुढे न्यायचा असतो. ही हातापालट सर्वांत अवघड. नवख्याच्या हातून येथे अर्ध्या सेकंदाचा खंड पडतो, आणि मागे आलेला मस्की नेमका त्या खंडात आमिषाला ओळखतो व तोंड फिरवतो. मी शिकत असताना माशांचा विचार बाजूला ठेवून दोन संध्याकाळी केवळ ही एक हातापालट घोटवली होती, आणि त्या दोन संध्याकाळींइतके मोल मला नंतर विकत घेतलेल्या कोणत्याही आमिषाचे वाटले नाही.

गुंडाळणे थांबताच टोक पाण्यात बुडवून पहिले वळण घ्यावे. आमिष सरळ आपल्याकडे येत असते, त्याला होडीच्या कडेला समांतर वळवायचे असते. रॉड कोणत्या बाजूला न्यायचा हे आधीच ठरलेले असावे, आणि ती बाजू मोकळी असावी. हे पहिले वळण सर्व वळणांत मोलाचे आहे. मागे आलेला मासा अजून सरळ रेषेत पोहत असतो, आणि त्याच्या डोळ्यांसमोर आमिष प्रथमच आडवे होते. माझ्या वहीतल्या नोंदी पाहता होडीपाशी मिळालेल्या माशांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्याच वळणावर आले आहेत. त्यामुळे जो माणूस थकला आहे, ज्याला पूर्ण आठ काढण्याची उमेद उरलेली नाही, त्याने निदान हे एक वळण प्रत्येक फेकीच्या शेवटी घ्यावे. इंग्रजी एल अक्षरासारखे दिसणारे तेवढे वळणही रिकाम्या हाताने परतण्यापासून वाचवू शकते.

पुढे फेरा चालू ठेवताना तीन गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतात. पहिली म्हणजे रुंदी : प्रत्येक वर्तुळ निदान तीन-चार फूट रुंद असावे. त्यासाठी केवळ मनगट पुरत नाही. खांदे आणि कंबर वळवावी लागते, आणि होडीची कड उंच असेल तर गुडघ्यावर बसावे लागते. दुसरी म्हणजे वेग : सरळ भागात आमिष सावकाश चालले तरी चालेल, मात्र वळणात शिरताना त्याला वेग द्यावा, कारण वळणातच ते मंदावण्याची भीती असते. पात्यांच्या आमिषात हे रॉडच्या मुठीपर्यंत जाणवते. पात्या फिरत आहेत तोपर्यंत मुठीत बारीक थरथर असते. थरथर थांबली की वळण चुकले समजावे. तिसरी गोष्ट खोली, आणि बहुतेक लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. पहिल्या वळणात शिरताना रॉड दोन-तीन फूट पाण्यात खुपसावा, आमिष खोल न्यावे, आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूने येताना ते वर चढवावे. मस्कीची नजर वरच्या दिशेने चांगली आहे, आणि खालून वर पळणारे, प्रकाशाच्या पार्श्वभूमीवर काळे दिसणारे भक्ष्य त्याला सर्वांत स्पष्ट दिसते. खोल आणि उथळ असा हा चढउतार आठाच्या आकारात मिसळला की सपाट आकृती जिवंत होते. बाही कोपरापर्यंत भिजली तर फेरा योग्य खोलीवर चालला आहे असे मानावे.

ज्यांना दोन वर्तुळांचा आठ जमत नाही त्यांनी एकच मोठा लंबगोल काढावा. अनेक अनुभवी शिकारी मुद्दाम तसेच करतात, कारण आठाच्या मध्यभागी दिशा बदलताना आमिष मासा आणि होडी यांच्यामध्ये अडकू शकते, आणि लंबगोलात माशाला एकाच दिशेने वळत राहायचे असते. निष्काळजी आठापेक्षा मोठा, एकसंध लंबगोल केव्हाही बरा.

प्रत्येक आमिष या कामाला सारखे योग्य नसते. केसाळ झालरीचे आणि दोन मोठ्या गोल पात्यांचे बकटेल सर्वांत सोपे, कारण ते ओढत राहिले की आपले आपण चालते. नवख्याने पहिला हंगाम त्यावरच काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठे, जड, वळवळणाऱ्या शेपटीचे रबरी आमिष खोल फेऱ्यात फार उपयोगी पडते, मात्र त्याचे वजन मनगटाला जाणवते. पृष्ठभागावर खळखळ करत येणाऱ्या आमिषानेही आठ काढता येतो. तेव्हा रॉडचे टोक पाण्यालगत ठेवून खळखळ अखंड राखावी. झटक्याने खाली बुडून पुन्हा वर येणाऱ्या लाकडी आमिषाचा फेरा मात्र अवघड आहे. त्याला वळणावर लहान लहान झटके द्यावे लागतात, आणि हे डोळे झाकून जमेपर्यंत ते आमिष मागे आलेल्या माशाला गमावण्याचेच साधन ठरते.

मासा दिसल्यावर

नजर आमिषावर ठेवू नये. आमिषाच्या मागे तीन-चार फुटांवर आणि थोडी खाली ठेवावी, कारण मासा तेथे असतो. आधी पूर्ण मासा दिसतच नाही. पाण्याचा एक पट्टा इतरांपेक्षा गडद वाटतो, किंवा परांच्या कडेची तांबूस झाक दिसते, किंवा आमिषाच्या मागे पाणी किंचित फुगते. काही वेळा होडीतल्या दुसऱ्या माणसाला तो आधी दिसतो, कारण त्याचा कोन वेगळा असतो. अशा वेळी त्याने शांतपणे ‘मागे आहे’ एवढेच म्हणावे. ओरडल्याने आमिष ओढणारा हात दचकतो.

आणि येथे माणसाची खरी परीक्षा होते. तीन फूट पाण्याखाली, हात लांबवला तर स्पर्श होईल इतक्या जवळ, आपल्या पायाएवढा लांब मासा आमिषाला नाक लावून चाललेला असतो. त्याचे कल्ले उघडमीट करताना दिसतात, डोळा फिरताना दिसतो. छातीतले ठोके कानात ऐकू येतात, गुडघे खरोखर कापतात. मी गेली अनेक वर्षे हे अनुभवतो आहे आणि कापरे कमी झालेले नाही. ते कमी व्हावे अशी माझी इच्छाही नाही. शरीर कापत असताना हाताने मात्र शिकलेले वळण घेत राहावे लागते, आणि म्हणूनच मासा नसतानाच्या शेकडो फेऱ्यांची गरज असते. मासा पाहताच हात थांबणे ही सर्वांत महागडी चूक आहे.

आता माशाचा कल ओळखावा. तो पृष्ठभागाजवळ, आमिषाच्या अगदी मागे, वेगाने आणि पर ताठ करून आला असेल तर तो पेटलेला आहे. त्याच्यासाठी काही वेगळे करू नये, वेग किंचित वाढवावा, पहिले वळण मोठे आणि खोल घ्यावे, आणि थांबू नये. याउलट तो खोल, चार-पाच फूट मागे, सुस्तपणे तरंगत आला असेल तर त्याला डिवचावे लागते. आमिष त्याच्या खोलीपर्यंत खाली न्यावे, एका वळणात अचानक वेग द्यावा, दुसऱ्या वळणात ते वर चढवावे. अशा माशाला मी कधी कधी सात-आठ फेरे दाखवले आहेत. पहिल्या चारांत त्याने काही केले नाही, पाचव्यात त्याचे पर हलले आणि सहाव्यात त्याने तोंड उघडले.

मासा दिसेनासा झाला म्हणजे तो गेला, असे कधीही धरू नये. मस्की पुष्कळदा होडीखालून दुसऱ्या बाजूला जातो आणि वळून परत येतो. तो दिसत नसताना आणखी पाच-सहा फेरे काढावेत, तेही पूर्वीपेक्षा खोल. याचसाठी माझा नियम असा आहे की मासा दिसो वा न दिसो, प्रत्येक फेकीच्या शेवटी निदान एक पूर्ण आठ आणि ऊन-पावसाची, सूर्यास्ताची, चंद्रोदयाची वेळ असेल तर दोन. गढूळ किंवा चहाच्या रंगाच्या पाण्यात, जेथे दोन फुटांखालचे काही दिसत नाही, तेथे या नियमाला अपवाद नसावा. तेथे पुष्कळ मासे शेवटपर्यंत न दिसता येतात आणि त्यांची पहिली खूण म्हणजे रॉडला बसलेला हिसकाच असतो.

झडप आणि फटका

झडप बसल्यावर रॉड वर उचलण्याची इच्छा अनावर होते, आणि ती आवरलीच पाहिजे. रॉड वर उचलला तर आमिष माशाच्या उघड्या तोंडातून बाहेर ओढले जाते, किंवा त्याचे डोके पाण्याबाहेर येऊन तो ते झटकतो आणि गळ सुटतो. टोक पाण्यातच ठेवून, आडव्या दिशेने, मासा ज्या दिशेने चालला आहे त्याच्या उलट दिशेने जोरात फटका द्यावा. त्यामुळे आमिष त्याच्या तोंडाच्या कोपऱ्याकडे, आत ओढले जाते आणि गळ रुततो. मासा समोरून आपल्याकडे येत असतानाच आमिष तोंडात घेतो तेव्हा घाई केली तर ते त्याच्या तोंडातून सरळ बाहेर येते. अशा वेळी तो वळेपर्यंत, वजन हाताला लागेपर्यंत, क्षणभर फेरा चालूच ठेवावा आणि मग फटका मारावा.

फटक्यानंतर मासा भडकतो, आणि दोरी फक्त दोन फूट असते. न थकलेला मस्की एवढ्या आखूड दोरीवर रॉड मोडू शकतो. ड्रॅग, म्हणजे दोरी किती ओढीला सुटावी हे ठरवणारा रिळाचा ब्रेक, असा लावलेला असावा की फटक्याच्या वेळी दोरी घसरू नये, परंतु माशाने खरी धाव घेतली तर ती सुटावी. काही जण फटक्यानंतर रिळाची कळ दाबून अंगठ्याने दोरी सोडतात. हे जमले तर उत्तम, मात्र सरावाविना केले तर दोरीचा गुंता होतो. मी ड्रॅगवर विसंबतो आणि रॉड माशाच्या दिशेने वळवून, जणू तो अजूनही आठच काढत आहे अशा रीतीने, त्याचे डोके फिरवत राहतो. होडीखाली तो गेला तर रॉडचे टोक पाण्यात खोल बुडवून, होडीच्या टोकाला वळसा घालून त्याच्यामागे जावे. दोरी होडीच्या तळावर घासू देऊ नये.

जाळी आणि सुटका

जाळीची घाई करू नये. होडीपाशी गळाला लागलेला मासा ताजातवाना असतो आणि तीन टोकांचे मोठे गळ तोंडात घेऊन उसळणारा मस्की माणसाच्या हाताला गंभीर इजा करू शकतो. एक-दोन धावा होऊ द्याव्यात, आणि डोके आपल्याकडे वळले की ते जाळीत न्यावे. जाळीने शेपटीकडून पाठलाग करू नये. जाळी मोठी, रबराचा लेप दिलेली असावी. मासा जाळीत आला की जाळी पाण्यातच ठेवून काम करावे. लांब टोकाची पकड आणि गळ तोडण्याची कात्री जवळ हवी. गळ सहज निघत नसेल तर तो तोडून टाकावा. गळ चार पैशांना मिळतो, पन्नास इंची मादी घडायला अनेक वर्षे लागतात. मोजमाप झटपट करावे आणि छायाचित्रासाठी उचलायचे असेल तर एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली व दुसरा पोटाखाली देऊन आडवे धरावे. जबड्याने उभे लटकवू नये. सोडताना शेपटीचे मूळ धरून, तो स्वतः जोर लावून निसटेपर्यंत, पाण्यात आधार द्यावा.

मिनेसोटात मस्कीचा हंगाम जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो आणि ५४ इंचांहून लहान मासा ठेवता येत नाही; इतर राज्यांचे आणि कॅनडातील प्रांतांचे नियम वेगळे असल्यामुळे लायसन्स घेताना ते वाचावेत. पाण्याचे तापमान ८० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २७ अंश सेल्सियसच्या, जवळ गेले की मी मस्कीवर गळ टाकत नाही. तेवढ्या उष्ण पाण्यात झुंजलेला मासा पोहत गेला तरी नंतर दगावू शकतो.

रात्र आणि दुसरी भेट

जुलै-ऑगस्टमधील स्वच्छ पाण्याच्या तलावांवर रात्री मस्की अधिक जवळ येतो, आणि काळोखात मागे आलेला मासा दिसण्याचा प्रश्नच नसल्यामुळे तेथे प्रत्येक फेक आठाने संपलीच पाहिजे. आमिष किती जवळ आले हे कळण्यासाठी लीडरच्या वर काही फुटांवर दोरीला बारीक गाठ बांधावी; ती कड्यांतून जाताना बोटाला कळते. डोक्यावरचा दिवा पाण्यावर रोखू नये. गळ काढण्यापुरताच तो लावावा. रात्रीच्या झडपेला पूर्वसूचना नसते. सावकाश चाललेल्या फेऱ्यात काळ्या पाण्यातून एकदम स्फोट होतो, म्हणून पाय रुंद ठेवून, कडेला गुडघा टेकून उभे राहावे आणि जीवनरक्षक जाकीट अंगावर असावे.

दिसूनही न घेणाऱ्या माशाची जागा जीपीएसवर लगेच नोंदवावी. मोठा मस्की त्याच खडकावर, त्याच पाणवनस्पतीच्या कडेला अनेक दिवस राहतो. तेथे तासभर आमिषांचा मारा करण्यापेक्षा निघून जावे, आणि ढग भरून आल्यावर, वारा पडल्यावर किंवा सूर्य मावळण्याच्या सुमारास परत यावे, वेगळ्या रंगाचे वा वेगळ्या चालीचे आमिष लावून. लीच लेकवरचा तो मासा मला पुन्हा कधी दिसला नाही. पण पुढच्या वर्षी, तिथून दीडशे मीटरवरच्या खडकाळ टोकावर, सकाळी मागे येऊन परत गेलेली एक मादी मी संध्याकाळी पावणेआठ वाजता पुन्हा शोधली. ती तिसऱ्या फेकीच्या शेवटी, आठाच्या दुसऱ्या वर्तुळात, खोलातून वर येताना आमिषावर आली. ४७ इंच भरली. जाळीतून सोडल्यावर ती होडीच्या सावलीत क्षणभर थांबली आणि मग त्याच खडकाकडे गेली.